लहान गॅरेजसाठी चाकांचा वर्कबेंच करतोय, नुसती ब्रेकवाली चाकं पुरतील का?

अर्धवट_सुतार:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. गॅरेज आतून १८ फूट बाय ९ फूट आहे. त्यात रोज रात्री गाडी येऊन उभी राहते, ती १३ फूट लांब, म्हणजे गाडीच्या नाकापासून भिंतीपर्यंत ५ फुटांचा पट्टा उरतो आणि एका बाजूला दार उघडून उतरण्यापुरती जागा. आत्तापर्यंत सगळी कामं दोन स्टुलांवर फळी टाकून केली, परवा जिगसॉ चालवताना फळी सरकली आणि ब्लेड थेट स्टुलात घुसलं, तेव्हा ठरवलं की आता बास, नीट बेंच करायचा.

प्लॅन असा आहे: ६ फूट बाय अडीच फूट टॉप, १८ एमएमचा एकच एमडीएफ (दाबलेल्या भुशाचं बोर्ड), खाली ३ बाय ३ इंचाचे पाइनचे पाय, चार कोपऱ्यांना २ इंचाची ब्रेकवाली फिरती चाकं. गाडी बाहेर काढली की बेंच मधे ओढायचा, काम झालं की परत भिंतीला. कामं म्हणजे शेल्फ, छोटी टेबलं, खोकी, दुरुस्त्या. हातातला सर्क्युलर सॉ, ड्रिल, जिगसॉ, सँडर आहे, आणि पुढेमागे एक छोटा टेबल सॉ (टेबलातून ब्लेड वर आलेली करवत) घ्यायचा विचार आहे. फरशीला शटरकडे थोडा उतार आहे, धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून. ब्रेक लावला की बेंच जागचा हलणार नाही ना एवढंच विचारायचं होतं, बाकी काही चुकत असेल तर तेही सांगा.

पाचर:

हलणार. आणि तुम्ही जे लिहिलंय त्यात चाकं हा सगळ्यात सोपा भाग आहे, म्हणून आधी बाकीचं बोलतो.

६ बाय अडीच डोक्यातून काढा. ५ फुटांच्या पट्ट्यात अडीच फूट खोल बेंच उभा केला की मागे उरतात अडीच फूट, त्यात तुम्ही उभे राहणार, वाकणार, लांब फळी फिरवणार, आणि एखाद्या दिवशी गाडी बाहेर काढायचा कंटाळा येणारच की. २२ ते २४ इंच खोली भरपूर झाली, त्याच्या पलीकडे हात पोचतो पण जोर पोचत नाही. लांबी साडेचार फूट करा. मोठा प्लाय कापायला तसाही बेंच लागत नाही, जमिनीवर जुना थर्माकोल नाहीतर चार पट्ट्या टाकून वर प्लाय ठेवायचा आणि सॉ चालवायचा, दोन्ही तुकडे टेकलेले राहतात, पडायची भीती नाही.

आता चाकं. फिरत्या चाकाला दोन सांधे असतात, एक चाकाच्या आसाचा आणि एक वर प्लेटपाशी वळतो तो. साधा ब्रेक फक्त चाक धरतो, वरचा सांधा मोकळाच असतो, त्यामुळे तुम्ही रंधा मारलात की चाक लॉक असूनही बेंच तेवढा घुमून घेतो, चारही कोपरे वेगवेगळ्या दिशेने. कागदावर हा प्रकार क्षुल्लक वाटतो पण हातकरवत चालवून बघा, प्रत्येक ओढीला बेंच आपल्याबरोबर नाचतो आणि रेघ सोडून करवत भलतीकडे जाते. दोन्ही सांधे एकदम धरणारी चाकं मिळतात, ती बरीच बरी, पण रबर किंवा पीयूचा (रबरासारखं प्लास्टिक) मऊपणा आणि बेअरिंगमधला ढिलेपणा उरतोच.

म्हणून माझं मत, काम करताना बेंच स्वतःच्या पायांवर उभा पाहिजे आणि चाकं फक्त हलवताना खाली आली पाहिजेत. दुचाकीचा मेन स्टँड लावतो ना, पाय दिला की अख्खी गाडी उचलली जाते, तेच तत्त्व. मी केलंय ते असं: बेंचच्या दोन्ही टोकांना, पायांपासून साधारण ८ इंच आत एक आडवी पट्टी, तिला पियानो बिजागरीने (अखंड लांब पट्टीची बिजागरी) ८ इंच रुंद फळी लटकवलेली, फळीच्या खाली दोन फिरती चाकं. फळीची बाहेरची कड मोकळी. त्या कडेवर पाय दिला की चाकं जमिनीला टेकतात आणि बिजागरीकडची बाजू बेंचला घेऊन वर जाते. वर टोकाच्या आडव्या पट्टीला छोट्या बिजागरीवर एक लाकडी टेकू लोंबकळत ठेवायचा, फळी खाली गेली की तो आपोआप तिच्या डोक्यावर येऊन बसतो आणि तिला परत वर येऊ देत नाही. उतरवायचं असलं की टेकूला पायाने बाजूला सारायचं, बेंच धप्पकन पायांवर. चाकं नुसती जमिनीला शिवून राहतात, वजन घेत नाहीत.

दोन गोष्टी नीट मोजा नाहीतर सगळं वाया जातं. एक, चाकाची प्लेट बिजागरीकडे सरकवून लावा, मधोमध नको, कारण तरफ आहे ती, चाक बिजागरीपासून ६० एमएमवर आणि तुमचा पाय चाकापासून १४० एमएमवर असला तर एका टोकाचं ५० किलो वजन पायाला २०-२२ किलोसारखं लागतं. फिरतं चाक उलट्या बाजूला वळलेलं असलं तर हे जड होतं, मग बुटाने चाक आत वळवायचं आणि मग पाय द्यायचा. दोन, बिजागरीची उंची. चाकाची एकूण उंची म्हणजे जमिनीपासून प्लेटच्या वरच्या बाजूपर्यंत, ७५ एमएमच्या चाकाला ती साधारण १०० एमएम येते पण आपलं चाक हातात घेऊन मोजा. बेंच १२ एमएम उचलायचा असेल तर बिजागरीची पिन पायाच्या तळापासून १०० वजा १२ म्हणजे ८८ एमएमवर (पिन फळीच्या खालच्या पातळीत आहे असं धरून). म्हणजे आधी चाकं आणायची आणि मग पाय कापायचे. उलटं केलं तर रडाल.

खिळेठोक:

पाचरदादांशी अर्धा सहमत. उचलणारी चाकं भारी आहेत यात वाद नाही पण पहिलाच बेंच करणाऱ्या माणसाला बिजागऱ्या, टेकू, ८८ एमएम हे सगळं ऐकून बेंचच करू नये असं वाटायचं. धागाकर्त्याकडे रंधा नाहीच, यादीत सगळी इलेक्ट्रिकची हत्यारं आहेत. सॉ, ड्रिल, सँडर बेंचला फार आडवा धक्का देत नाहीत. माझ्याकडे गेली कित्येक वर्षं दोन्ही सांधे धरणारी ४ इंची चाकं आहेत आणि खालच्या फळीवर हत्यारांच्या पेट्या रचल्यात, बेंच आहे तिथे आहे. वजन हाच खरा ब्रेक.

मात्र २ इंची चाकं घेऊ नका हो. फरशीच्या सांध्यात, नाहीतर खाली पडलेल्या एका स्क्रूवर अडकतात आणि सगळा बेंच पुढे झुकतो. ४ इंची घ्या. आणि वजन मोजताना चाराने भागू नका, तीनाने भागा, कारण फरशी कधीच सपाट नसते आणि एक चाक बऱ्याचदा हवेतच असतं. १८ एमएमचा ८ बाय ४ चा एक प्लाय ३० किलोच्या वर भरतो, त्यात पाय, व्हाइस (लाकूड पकडायचा शिकंजा), हत्यारं, १०० किलो सहज होतात. म्हणजे एका चाकावर ३५ किलो, आणि धक्के खाणार म्हणून ५०-६० किलोच्या खालचं चाक घेऊच नका.

पाचर:

वजन हाच ब्रेक हे उतार नसलेल्या फरशीवर. त्यांनी उतार लिहिलाय. फुटाला पाव इंचापेक्षा कमी उतार असला तरी १०० किलोचा बेंच ब्रेक विसरलात की शटरकडे निघतो, आणि बाहेर गाडी उभी असते :)

रंधा नाही हे मान्य. आज नाही. बेंच झाला की येतो.

भुसा_सगळीकडे:

मी काय चुका केल्या ते सांगते, त्याचा जास्त उपयोग होईल.

पहिली चूक, चाकं प्लायच्या कडेत लाकडाच्या स्क्रूने मारली. पायांऐवजी प्लायचे उभे पॅनल होते आणि मला वाटलं चार चार स्क्रू आहेत, काय होतंय. प्लायच्या कडेत स्क्रू थरांच्या मधे घुसतो आणि थर फाकतात. तिसऱ्या महिन्यात फरशीच्या सांध्यावरून ओढताना एक चाक उपटून आलं, कोपरा बसला, वर ठेवलेला राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन) सरकत सरकत खाली. राउटर वाचला, माझ्या पायाचं नख गेलं. आता चाकाखाली जाड ठोकळा आहे आणि आरपार एम८ चे (८ एमएम जाडीचे) बोल्ट, वॉशर, आणि नायलॉनवाला नट, कारण साधे नट कंपनाने ढिले होतात.

दुसरी चूक, सगळे ड्रॉवर एकाच बाजूला. दोन भरलेले ड्रॉवर एकदम उघडले की बेंच नमस्कार करतो. रुंदी २२ इंच असेल तर हे विसरूच नका, जड वस्तू सगळ्यात खाली, ड्रॉवर एका वेळी एक.

तिसरी, उंची. कुठल्यातरी प्लॅनमधे ३६ इंच होतं म्हणून ३६ केलं, मी पाच फुटांची, दोन तास सँडिंग केलं की खांदे कानाला लागायचे. सरळ उभं राहून हात सोडायचा, मनगटाच्या घडीपर्यंत जमिनीपासून मोजायचं, तिथपासून वर दोन-तीन इंचापर्यंत कुठेतरी आपली उंची असते. माझी ३२ निघाली. हाताने रंधा-पटाशी करणाऱ्याला जरा खाली बरं, बारीक काम करणाऱ्याला वर. आणि हो, त्यात चाकांची उंची धरलेली असते, मी ती धरायला विसरले होते ही चौथी चूक, म्हणजे ३६ चे चाळीस झाले होते आणि मी महिनाभर पाट घेऊन उभी राहायचे. हसू नका.

अर्धवट_सुतार:

बापरे, एवढं सगळं. नख वाचून अंगावर काटा आला. म्हणजे साडेचार फूट बाय २३ इंच करतो, माझी मनगटाची उंची ३२ आली तर ३४ इंच धरतोय, बरोबर ना? उचलणारी चाकं करायचा मोह होतोय. दोन प्रश्न राहिले, एमडीएफ चालेल का, आणि पुढे टेबल सॉ घेतला तर त्याच्यासाठी आत्ताच काही सोय ठेवावी का?

ताई तुमचा पाटाचा किस्सा बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली हाच प्रकार आपल्याकडे होणार आहे.

भुसा_सगळीकडे:

३४ ठीक आहे. शंका असेल तर पाय इंचभर जास्तच ठेवा, कापता येतात, वाढवता येत नाहीत.

एमडीएफ सपाट असतो, स्वस्तही पडतो, पण गॅरेजमधे ओल्या टायरांबरोबर पाणी आत येतं, भिंत दमट असते, आणि एमडीएफच्या कडेला पाणी लागलं की तो फुगतो आणि परत बसत नाही. शिवाय १८ चा एकच थर साडेचार फुटांवर मधे झोळ धरेल. १८ चे दोन प्लाय एकमेकांना चिकटवून ३६ करा, गोंद सगळीकडे फासायचा आणि खालून स्क्रू मारून दाबायचं, गोंद सुकेपर्यंत सपाट जागेवर ठेवायचं, वाकड्या जागेवर सुकला तर जन्मभर वाकडा. वर ६ एमएमचा हार्डबोर्ड चार स्क्रूंनी. गोंद, रंग, ड्रिलची भोकं सगळं त्याच्यावर होऊ दे, खराब झाला की उलटा करा, मग बदला.

पाचर:

हे बरोबर. आणि एकाच ८ बाय ४ मधे बहुतेक सगळं बसतं बघा. ५४ इंच लांब आणि साडेतेवीस इंच रुंद असे दोन तुकडे शेजारी शेजारी, करवतीची जाडी धरूनही ४८ मधे बसतात. उरतो ४८ बाय ४२ चा तुकडा, त्यातून ४६ बाय १९ ची खालची फळी, आणि १३ बाय २१ चे दोन बाजूचे पॅनल. ते पॅनल पायांच्या मधे गोंद लावून बसवले की बेंच डावी-उजवी सोडून बाकी कुठे डुगडुगत नाही, डाव्या-उजव्यासाठी मागे ९ एमएमचा पातळ प्लाय ठोका. नुसत्या पाय आणि पट्ट्यांवर सोडलात तर चाकं कितीही चांगली असू देत, सांगाडाच समांतरभुज चौकोन होतो. लोक चाकांना शिव्या देतात, डुगडुग वरची असते.

टॉप चारही बाजूंनी दोन-तीन इंच बाहेर ठेवा, नाहीतर क्लॅम्प लावायला कड मिळणार नाही. व्हाइस पायाच्या बरोबर वर, मधे नको, म्हणजे ठोकलेला हातोडा पायातून जमिनीत जातो. आणि व्हाइस ज्या टोकाला त्याच्या विरुद्ध टोकाला खाली जड पेटी.

उताराचं: बेंच उताराला आडवा उभा करा, म्हणजे लांबी उताराच्या दिशेने नको. शंभराला एक एवढा उतार धरला तर साडेचार फुटांत १३-१४ एमएम फरक पडतो आणि रुंदीत फक्त ६. तेवढा फरक खालच्या दोन पायांना एम१० चा बोल्ट आणि टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा नट) घालून पाणसळ ठेवून काढता येतो. एकदा जागा ठरली की पायांच्या भोवती फरशीवर रंगाने खुणा करा, बेंच रोज त्याच खुणांवर आणून बसवायचा, रोज पाणसळ लावत बसायला नको.

खिळेठोक:

टेबल सॉची सोय म्हणजे फक्त उंची. बेंच सॉच्या टेबलाच्या मागे लावता आला पाहिजे, म्हणजे कापलेली फळी मागे बेंचवर सरकते. त्यासाठी बेंच सॉपेक्षा २-३ एमएम खाली हवा, वर असला तर फळीचं टोक अडकतं आणि ब्लेडपाशी फळी अडकणं म्हणजे ती उलटी आपल्याच अंगावर फेकली जाणं. तो पायातला बोल्ट इथेही कामाला येईल. टेबल सॉ बेंचमधेच बसवायचे प्लॅन दिसतील, पहिल्या बेंचला नको, जागा वाचते पण मग कुठलंही दुसरं काम करताना आधी सॉ आवरायचा.

लांबी कमी केल्याचं वाईट वाटत असेल तर एका टोकाला बिजागरीवर १८ इंचाचा पंखा, म्हणजे खाली पडणारी फळी, खाली घडीचे ब्रॅकेट. लागला की उघडा. ब्रॅकेटची भोकं लांबट ठेवा, नाहीतर टॉपशी लेव्हल जुळवताना जीव जातो.

लाल_निळी_वायर:

सुतारकाम मला येत नाही, वायरिंगचं सांगतो. बेंचला एक्स्टेन्शन बोर्ड लावणारच, लावा, पण बोर्ड पुढच्या कडेला खाली नको, गुडघा लागतो आणि भुसा भरतो. मागच्या पायाला उभा लावा. वायर भिंतीपासून वरून यावी, फरशीवरून आली की एक ना एक दिवस चाक तिच्यावरून जाणार. गुंडाळीचं रील वापरत असाल तर सॉ चालवताना पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर जोराच्या लोडला आत तापते, हात लावून बघा कधी. आणि त्याच गॅरेजमधे गाडी असते हे लक्षात ठेवा, ग्राइंडरच्या ठिणग्या पेट्रोलच्या वासाजवळ नकोत. जवस तेलाने पुसलेल्या चिंध्या गोळा करून बेंचखाली टाकू नका, त्या आपोआप तापून पेटतात, पसरून वाळवायच्या नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवायच्या.

अर्धवट_सुतार:

पाच आठवड्यांनी परत आलोय. झाला बेंच.

उचलणारी चाकंच केली. खिळेठोकभाऊ रागावू नका, चाकं ७५ एमएमची घेतली, ४ इंची चाकं फळीखाली मावेनात. पहिल्या टोकाला पाय दिला, टेकू पडला, मी खूश, खाली वाकून बघतो तर बेंचचे पाय जमिनीपासून जेमतेम ४ एमएम वर. पाचरदादांचं ८८ वाचलं होतं, चाकही मोजलं होतं, पण माझ्या बिजागरीची पिन फळीच्या वरच्या बाजूला आली हे लक्षातच नाही आलं, १८ एमएमची फळी, पिन वर गेली तर पट्टी पण तेवढी वर पाहिजे होती ना? डोकं चालेना म्हणून चाकाची प्लेट आणि फळी यांच्या मधे ८ एमएमच्या प्लायची पॅकिंग टाकली आणि १२ झाले. का झाले ते अजून नीट कळलेलं नाही.

दुसरं टोक करताना चाक फिरून टेकूला धडकलं, फिरतं चाक किती मोठा गोल फिरतं याचा अंदाजच नव्हता. टेकू दोन इंच मधे सरकवला. उतारावर चालतोय, खुणा केल्यात, एका पायाचा बोल्ट थोडा बाहेर आहे. बायको ३४ ला नाराज आहे, तिला ३१ हवं होतं.

पाचर:

पिन वरच्या बाजूला असली तर उलट जास्त उचलायला हवा होता, कमी नाही. पिन वर गेली आणि पट्टी खाली राहिली तर फळीच खाली येते आणि बेंच अजून उचलला जातो. तुमची फळी बहुतेक पूर्ण आडवी होत नाहीये, टेकू आखूड आहे, म्हणून बाहेरची कड वर राहतेय. फळीवर पाणसळ ठेवून बघा. टेकू लांब केलात तर पॅकिंग काढता येईल. फोटो टाका बरं, बिजागरीचा आणि टेकूचा जवळून.

अर्धवट_सुतार:

पाणसळ ठेवली, बुडबुडा पार एका कडेला. टेकूच आखूड आहे! उद्या नवा कापतो. फोटो आत्ता नाही जमणार, गाडी आत आहे आणि बेंच तिच्या पुढे, मधे शिरायला जागा नाहीये.